मऊ प्लॅस्टिक आणि पुरुष-गर्भाची घडण

टेबलावर अंथरावयाचें प्लॅस्टिकचें कापड नवें असतांना हवें तसें दुमडतें; चार वर्षें गेलीं कीं तेंच ताठ होतें आणि घडीच्या जागीं तडकतें. बागेला पाणी घालण्याच्या नळीचीही तीच गत. गृहिणी म्हणते, “उन्हानें वाळलें!” आणि तिचें म्हणणें एका अर्थीं खरें आहे. ओलें लुगडें वाळतें तें त्यांतील पाणी निघून जातें म्हणून. हें कापड ‘वाळतें’ याचें एक कारण असें, कीं त्यांतील एक तेलकट द्रव हळूहळू बाहेर पडत असतो. हा द्रव जातो कोठें, आणि सजीव शरीरांत शिरला तर करतो काय, हें उमगावयास विज्ञानाला पन्नासांहून अधिक वर्षें लागलीं. चमत्कारिक गोष्ट ही, कीं उत्तराचे दोन महत्त्वाचे तुकडे १९४५ आणि १९४७ या सालींच छापून झाले होते. ते शेजारीं शेजारीं ठेवून पाहणारा मात्र कोणी निघाला नाहीं.

प्लॅस्टिक मऊ करण्याची युक्ति त्याहूनही जुनी आहे. अमेरिकेंत जॉन वेस्ली हायट यानें सेल्युलॉइड बनविलें आणि १८७० सालीं त्याचें पेटंट मिळविलें, त्या सेल्युलॉइडांत कापूर होता. कापूर नसता तर तें ठिसूळच राहिलें असतें. परंतु कापूर फॉर्मोसा बेटांतून यावयाचा, महाग पडावयाचा, आणि देवघरांतल्याप्रमाणेंच कारखान्यांतही उडून जावयाचा! १९२० नंतर त्याची जागा थॅलिक आम्लापासून केलेल्या द्रवांनीं घेतली. त्यांनाच थॅलेट म्हणतात. पुढें १९२६ सालीं अक्रन शहरीं वाल्डो सेमन हा रसायनज्ञ रबर धातूला चिकटविण्याची कांहीं तरी लस शोधीत होता. पी. व्ही. सी. हें त्या काळीं निरुपयोगी समजलें जाणारें द्रव्य त्यानें एका जड द्रावकांत तापविलें; निवल्यावर हातीं आला तो रबरासारखा लवचिक गोळा. लस मिळाली नाहीं, पण एक नवा धंदा मिळाला. दुसऱ्या महायुद्धांत मलायाचें रबर जपानच्या हातीं गेल्यावर विजेच्या तारांवरील आवरणासाठीं या मऊ पी. व्ही. सी.ची मागणी अतोनात वाढली.

या मऊपणाचें रहस्य समजून घेतलें पाहिजे, कारण पुढील सारा घोटाळा त्यांतूनच निघाला. थॅलेटाचे कण प्लॅस्टिकाच्या लांबलचक साखळ्यांच्या मधोमध शिरतात, आणि कणकेला तेलाचा हात लावावा तशा त्या साखळ्या एकमेकींवरून घसरूं लागतात. पण दोघांमध्यें रासायनिक बंधन असें नसतें. शंभर भार मऊ प्लॅस्टिकांत तीस-चाळीस भार द्रव असूं शकतो, आणि तो केवळ वस्तीला आलेला पाहुणा असतो. तेल, दूध, रक्त असा स्निग्धांश असलेला पदार्थ शेजारीं आला, कीं त्याचा मुक्काम हलतो.

१९४५ सालीं पिट्सबर्ग येथील मेलन संस्थेंत शॅफर आणि त्याचे सहकारी यांनीं यांपैकीं सर्वांत खपाचा जो थॅलेट, डी. ई. एच. पी., तो उंदरांना नव्वद दिवस खाऊं घातला. त्या काळीं विषाची परीक्षा मुख्यतः एकाच गोष्टीवर होई: जनावर मरतें कीं जगतें? या परीक्षेंत हा द्रव चांगलाच उत्तीर्ण झाला; उंदीर मारावयाचा तर अवाढव्य मात्रा लागे. परंतु मोठ्या मात्रेवर जगलेल्या नरांचे वृषण उघडून पाहतां, ज्या बारीक नलिकांत शुक्रजंतु तयार होतात त्या सुकून गेलेल्या आढळल्या. निरीक्षण प्रामाणिकपणें नोंदलें गेलें, छापलें गेलें, आणि विसरलें गेलें. उंदीर मेला नव्हता ना, मग झालें!

याच सुमारास पॅरिसमध्यें आल्फ्रेड जोस्त हा तरुण शरीरशास्त्रज्ञ एका अगदीं निराळ्या कोड्यापाशीं बसला होता. गर्भ मुळांत दोन्ही प्रकारच्या नलिका घेऊन वाढूं लागतो. मग एकाचा नर आणि एकाची मादी कशी होते? जोस्तनें गाभण सशीचें पोट उघडून आंतल्या चिमुकल्या गर्भांचे वृषण वा अंडाशय काढून टाकले, जखमा शिवल्या, आणि गर्भ पुढें वाढूं दिले. हातोटी एवढी नाजूक, कीं नुसती कल्पना केली तरी श्वास रोखावा. १९४७ सालीं त्यानें निष्कर्ष प्रसिद्ध केला. अंडाशय काढलेला गर्भ मादीच होई. वृषण काढलेला नरगर्भही शरीराच्या घडणीनें मादीच होई. मात्र शस्त्रक्रिया उशिरां केली तर फरक पडत नसे; नर तोंवर घडून गेलेला असे. म्हणजे नर होणें हें आपोआप घडत नाहीं. वृषणांतून निघणाऱ्या अंतःस्रावांनीं, मुख्यतः टेस्टोस्टेरोननें, तें घडवून आणावें लागतें, आणि तेंही नेमल्या मुदतींत.

थॅलेट वृषणांस इजा करतो, हा पहिला तुकडा. गर्भांतील वृषणांस ठराविक दिवसांत इजा झाली तर नराची घडणच बिघडते, हा दुसरा. दोन्ही एकत्र वाचले असते तर पुढील प्रश्न शाळकरी पोरानेंही विचारला असता. पण पिट्सबर्गची नोंद औद्योगिक आरोग्याच्या नियतकालिकांत होती आणि पॅरिसची गर्भविज्ञानाच्या. ग्रंथालयांत त्यांचीं कपाटें वेगळीं होतीं.

मध्यंतरीं मऊ प्लॅस्टिक घराघरांत पोंचलें आणि रुग्णालयांत तर त्यानें मोठें पुण्य जोडलें. १९५० च्या सुमारास बॉस्टनचे शल्यवैद्य कार्ल वॉल्टर यांनीं फुटक्या कांचेच्या बाटल्यांऐवजीं रक्त सांठविण्यासाठीं प्लॅस्टिकची पिशवी आणली. तिनें किती जीव वांचविले याची गणना नाहीं. पुढें बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत येगर आणि रूबिन हे उंदराच्या यकृतांतून प्लॅस्टिकच्या नळ्यांनीं द्रव खेळवीत असतां, एक अनोळखी पदार्थ वारंवार त्यांच्या मोजणींत लुडबुड करूं लागला. माग काढतां तो यकृताचा नव्हे, नळ्यांचा निघाला! १९७० सालीं त्यांनीं दाखविलें, कीं पिशवींतील रक्तांतही थॅलेट उतरतो. पाहुणा घर सोडून दुसऱ्याच्या घरीं गेल्याचा हा पुरावा होता.

१९७७ सालापासून इंग्लंडांतील संशोधकांनीं वृषणांवरील परिणाम पुन्हां हातीं घेतला. शुक्रजंतूंना पोसणाऱ्या ज्या सर्टोली पेशी, त्या प्रथम ढांसळतात, आणि प्रौढ उंदरापेक्षां कोवळ्या उंदराला इजा अधिक होते, असें दिसून आलें. वाट गर्भाकडे वळत होती.

परंतु ती आधीं एका आडरस्त्याला गेली. १९९२ सालीं कोपनहेगनच्या स्काकेबेक आदि संशोधकांनीं ६१ जुन्या पाहण्यांतील १४,९४७ पुरुषांचे आंकडे एकत्र करून असें मांडलें, कीं अर्ध्या शतकांत शुक्रजंतूंची सरासरी दर मिलिलिटरला ११ कोटी ३० लाखांवरून ६ कोटी ६० लाखांवर आली. या आंकड्यांवर वाद झाला आणि तो पुरता मिटलेला नाहीं. जुन्या मोजणीच्या पद्धति एकसारख्या नव्हत्या हा आक्षेप खोटा म्हणतां येत नाहीं. पण चर्चा पेटली, आणि स्त्री-अंतःस्रावाची नक्कल करणारीं रसायनें शोधण्याची झुंबड उडाली. थॅलेटांवरही तोच आरोप आला. आरोपी कदाचित् खरा असेल, पण कलम चुकीचें होतें.

योग्य कलम १९९८ ते २००० या काळांत अमेरिकेंत लागलें. नॉर्थ कॅरोलिना प्रांतांतील पॉल फॉस्टर यांच्या आणि अर्ल ग्रे यांच्या प्रयोगशाळांनीं गाभण उंदरिणींना थॅलेट दिले. ग्रे यांच्या प्रयोगांत गर्भाच्या चौदाव्या दिवसापासून जन्मानंतरच्या तिसऱ्या दिवसापर्यंत शरीराच्या किलोमागें रोज ७५० मिलिग्रॅम अशी मात्रा होती. नर पिलांचे वृषण खालीं उतरले नाहींत, मूत्रमार्गाचें द्वार भलत्या जागीं उघडलें, आणि गुदद्वार व जननेंद्रिय यांमधील अंतर, जें नरांत मादीच्या सुमारें दुप्पट असावयाचें, तें आंखडलें. सहा थॅलेटांपैकीं तिघांनीं हें केलें, तिघांनीं केलें नाहीं. रेणूच्या रचनेंतील थोड्याशा फरकावर एवढें अवलंबून! आणि हे द्रव स्त्री-अंतःस्रावाचें सोंग घेत नव्हते, कीं पुरुष-अंतःस्रावाची वाट अडवीत नव्हते. वृषणांतील ज्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरोन तयार करतात, त्यांची भट्टीच ते मंद करीत होते. एडिंबरोच्या संशोधकांनीं २००८ सालीं या घडणीची मुदतही नेमकी केली: उंदराच्या गर्भांत साडेपंधरावा ते साडेअठरावा दिवस, मनुष्यगर्भांत ती सुमारें आठव्या ते चौदाव्या आठवड्यांत असावी. जोस्तचा ससा अखेर शॅफरच्या उंदराला भेटला.

मनुष्याचें काय? २००० सालीं अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रानें २८९ प्रौढांचें मूत्र तपासलें. थॅलेटांचे अवशेष बहुतेक सर्वांत सांपडले, आणि त्यांपैकीं एक अवशेष मुलें होण्याच्या वयाच्या स्त्रियांत अधिक आढळला. २००५ सालीं शाना स्वान यांनीं ८५ मातांचें गर्भारपणींचें मूत्र आणि त्यांच्या मुलग्यांचें अंग मोजून पाहिलें: कांहीं अवशेष जेथें अधिक, तेथें मुलग्यांत तेंच अंतर कमी. २०१५ च्या मोठ्या पाहणींत डी. ई. एच. पी.पुरता तसाच संबंध दिसला. अंतर कमी म्हणजे रोग नव्हे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. उंदरांना दिलेली मात्रा आणि सामान्य माणसाच्या शरीरांत रोज जाणारा, मायक्रोग्रॅमांत मोजावा लागणारा अंश, यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. शिवाय २०१२ सालीं एडिंबरो येथें मनुष्यगर्भाच्या वृषणाचे तुकडे मूषकांत रोपून त्यांना थॅलेट दिला, तेव्हां टेस्टोस्टेरोन म्हणण्यासारखें घटलें नाहीं. उंदराच्या रोपित तुकड्यांत मात्र घटलें. मनुष्य म्हणजे मोठा उंदीर नव्हे, ही आठवण या शास्त्राला त्याच्याच प्रयोगशाळेनें करून दिली.

कायद्यानें निकालाची वाट पाहिली नाहीं. तोंडांत घालावयाच्या खेळण्यांतील थॅलेटांवर युरोपांत १९९९ सालीं तातडीची आणि २००५ सालीं कायमची बंदी आली. अमेरिकेनें २००८ सालीं तोच मार्ग धरला. भारतांत खेळण्यांसाठीं मानकांची सक्ति १ जानेवारी २०२१ पासून अंमलांत आली, आणि त्या मानकांत थॅलेटांचाही समावेश आहे.

रक्ताच्या पिशवीचा प्रश्न मात्र अवघड निघाला. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें २००२ सालीं नवजात मुलग्यांसाठीं, आणि ज्यांच्या पोटीं मुलगा वाढत आहे अशा गर्भवतींसाठीं, शक्य तेथें दुसरें साहित्य वापरण्याचा सल्ला दिला. पण रक्तांत उतरणारा हाच द्रव तांबड्या पेशींच्या आवरणाला बळकटी देतो आणि त्या फुटूं देत नाहीं. तो काढला तर सांठविलेलें रक्त लवकर नासतें. म्हणून युरोपीय संघानें वैद्यकीय साहित्यांतील डी. ई. एच. पी.ला दिलेली मुदत २०२३ सालीं वाढविली, ती १ जुलै २०३० पर्यंत.