बुरीरम प्रांतांतील देवळें आणि त्यांचे वारस

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत एक कपाट असें आहे कीं, त्यांतील पुस्तकांना आतां क्वचितच कोणी हात लावितो. १९२६ सालीं कलकत्त्यास विद्वानांनीं 'बृहत्तर भारत' या कल्पनेच्या अभ्यासासाठीं एक संस्था स्थापिली. त्या काळच्या उत्साहांत लिहिलेलीं हीं पुस्तकें आहेत. जावा, चंपा, कंबुज आणि सयाम या देशांतील देवळांचें वर्णन त्यांत 'आपल्या पूर्वजांच्या वसाहती' म्हणून केलेलें आढळतें. पारतंत्र्याच्या दिवसांत या शब्दांनीं वाचकांचें मन किती उभारी धरीत असेल, याची कल्पना सहज करतां येते. सयाम म्हणजेच आजचें थायलंड. त्याच्या ईशान्य भागांत बुरीरम नांवाचा एक शेतकरी वस्तीचा प्रांत आहे. तो पाहण्यास आम्ही निघालों तेव्हां हीच शिदोरी आमच्याबरोबर होती. परत आलों तों 'वसाहत' हा शब्द मात्र आम्हांस टाकून द्यावा लागला. तो कां, हें वाचकांपुढें मांडावें असा आमचा हेतु आहे.

बुरीरम हें नांव मराठी कानास अगदींच परकें वाटणार नाहीं. थाई लिपींत तें 'पुरी' आणि 'रम्य' याच शब्दांनीं लिहितात; उच्चारांत 'पुरी'ची 'बुरी' होते, व शेवटचा 'य' लिहिला तरी मुका राहतो. बँकॉकपासून सुमारें ४०० किलोमीटरांवर, कोरतच्या पठारावर हा प्रांत वसला आहे. उत्तरेस मून नदी, दक्षिणेस डांगरेकची डोंगररांग आणि तिच्यापलीकडे कंबोडिया. जमीन बव्हंशीं सपाट व वालुकामय. पावसाळा संपला कीं पाण्याची चणचण भासूं लागते. जिकडेतिकडे भाताचीं खाचरें, आणि त्यांच्या कडेला तुतीचीं झाडें व रेशमाचे माग.

या सपाट प्रदेशांत मधूनमधून एकेकट्या टेकड्या उठलेल्या दिसतात. त्या मृत ज्वालामुखी आहेत. बुरीरम शहराजवळच्या क्रदोंग टेकडीचें मुख तर अद्यापि स्पष्ट ओळखूं येतें. माथ्यावर बुद्धाची भव्य मूर्ति बसविली असून तेथपर्यंत नागांच्या कठड्यांची पायऱ्यांची वाट नेली आहे. आमच्या दख्खनचा काळा पाषाण सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा; त्या मानानें या टेकड्या अगदीं अलीकडच्या, कांहीं लक्ष वर्षांच्या. त्यांच्या तांबड्या मातींत एका खेड्यांतील बाया आजहि कापड रंगवितात व त्याला 'फू अक्खनी' म्हणतात. 'फू' म्हणजे डोंगर, आणि 'अक्खनी' म्हणजे आपला अग्नि.

या टेकड्यांपैकीं फनोम रुंग ही सर्वांत प्रसिद्ध. जुन्या ख्मेर भाषेंत या नांवाचा अर्थ 'विशाल पर्वत' असा होतो. उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम ४०० मीटर; पण भोंवतालच्या सपाटीमुळें ती फार मोठी वाटते. हिच्या माथ्यावर दहाव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत टप्प्याटप्प्यानें बांधलेलें एक शिवालय आहे. डोंगर आहे काळ्या दगडाचा, परंतु देऊळ मात्र खालून आणलेल्या गुलाबी वालुकाश्माचें व जांभ्याचें. वेरूळास ज्यांनीं डोंगरच कोरून देऊळ काढिलें, त्यांच्याहून या लोकांची रीत वेगळी: त्यांनीं डोंगर तसाच ठेविला आणि त्याच्या शिरावर देऊळ वाहून नेलें.

पूर्वेकडून १६० मीटर लांबीचा फरसबंदी मार्ग देवळाकडे जातो. दोहों बाजूंस कमळाच्या कळीच्या आकाराचे दगडी खांब आहेत. मार्गाच्या शेवटीं पंचमुखी नागांच्या कठड्याचा पूल लागतो. माणसाचें जग संपून देवाचें सुरू होतें तें येथें, अशी बांधणाऱ्यांची कल्पना. पुढें उंच पायऱ्या, आणि मग एकामागून एक पंधरा दारें, सारीं एका सरळ रेषेंत. एप्रिलच्या आरंभीं आणि सप्टेंबरांत, वर्षांतून दोनदां, उगवत्या सूर्याचा किरण हीं पंधराहि दारें ओलांडून गाभाऱ्यांतील शिवलिंगापर्यंत पोंचतो. मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांत मावळता सूर्य तोच प्रवास उलट दिशेनें करितो.

मंडपाच्या पूर्वद्वारीं वर दशभुज नटराज नाचत आहे, आणि त्याच्या खालीं, दाराच्या चौकटीवरच्या आडव्या शिळेवर, नारायण निजला आहे. नाभीपासून निघालेल्या कमळावर ब्रह्मदेव, पायांशीं लक्ष्मी. बाजूस कीर्तिमुखाच्या तोंडांतून निघालेल्या फुलांच्या माळा. थाई लोक या शिळेस 'नाराय बन्थोमसिन' म्हणतात, म्हणजे सिंधूवर शयन करणारा नारायण. शेषशायी विष्णूचें चित्र ज्यांच्या घरांत लहानपणापासून पाहण्यांत आलें, अशा आम्हां मंडळींस तें ओळखण्यास वाटाड्या लागला नाहीं. मात्र नीट निरखून पाहतां ध्यानांत आलें कीं, हा शेष आपल्याकडचा नव्हे. त्याचें अंग मगरीसारख्या एका अद्भुत प्राण्याच्या अंगाशीं मिळून गेलेलें आहे. आमच्याकडील कोणा मूर्तिकारानें असा शेष घडविला नसता. कथा तीच, सांगणारा मात्र निराळा.

तो सांगणारा कोण, याचें उत्तर तेथल्याच एका संस्कृत शिलालेखांत मिळतें. अंकोर वाट हें जगद्विख्यात देवालय बांधणारा राजा दुसरा सूर्यवर्मा १११३ सालीं गादीवर आला. त्याचा आप्त नरेंद्रादित्य यानें त्याच्यासाठीं लढाया जिंकल्या, आणि पुढें शस्त्र खालीं ठेवून तो याच डोंगरावर योगी होऊन राहिला. आज उभें असलेलें मुख्य देऊळ त्याच्याच वेळचें. पित्याचा हा वृत्तांत पुत्र हिरण्य यानें शिलेवर कोरविला. नरेंद्रादित्य पाशुपत पंथाचा होता असें विद्वानांचें मत आहे. मुंबईजवळची घारापुरीची लेणींहि पुष्कळ विद्वान् याच पंथाशीं जोडतात. एकच उपासना घारापुरीच्या बेटावर आणि बुरीरमच्या डोंगरावर, सुमारें सहाशें वर्षांच्या अंतरानें, अशी दगडांत उमटावी, हें पाहून कोणासहि आनंद होईल.

परंतु या आनंदांतच ती जुनी चूक लपलेली आहे. नरेंद्रादित्य हा ख्मेर होता. त्याची भूमि, त्याचें सैन्य, त्याचे पाथरवट, सारे त्याच देशाचे. ज्या दगडाचें देऊळ बांधिलें, तसल्या दगडाच्या जुन्या खाणी याच प्रांतांत बान क्रुआत येथें अजून दिसतात, आणि तेथेंच ख्मेर कुंभारांच्या काळपट तपकिरी झिलईच्या भांड्यांच्या भट्ट्याहि सांपडल्या आहेत. भारतांतील कोणा राजानें हा प्रदेश जिंकल्याचा किंवा येथें अधिकारी नेमल्याचा कोठेंहि पुरावा नाहीं. व्यापारी आले असतील, ब्राह्मण आले असतील, ग्रंथ तर खासच आले. पण काय घ्यावें आणि काय टाकावें, हें येथल्या लोकांनीं ठरविलें. आम्हीं इंग्रजी विद्या घेतली, शेक्सपिअर आणि मिल्ल वाचले, आणि त्याच विद्येच्या बळावर स्वराज्याची मागणी केली; म्हणून आमची बुद्धि ही इंग्रजांची वसाहत झाली, असें कोणी म्हटलें तर तें आम्हांस रुचेल काय? मग आम्हीं तरी नरेंद्रादित्याविषयीं तसें कां म्हणावें?

घेतलेल्या गोष्टीचें हे लोक किती सहजतेनें आपल्यापुरतें रूपांतर करीत, याचें दुसरें उदाहरण डोंगराच्या पायथ्याशीं आहे. मुआंग ताम, म्हणजे 'खालचें नगर', हें अकराव्या शतकाच्या सुमाराचें देऊळ. विटांचीं पांच शिखरें एका जोत्यावर उभीं होतीं; त्यांतील मधलें पडून गेलें आहे. एका शिळेवर कृष्णानें गोवर्धन उचलून धरिला आहे. पण सर्वांत मनोहर आहेत तीं देवळाभोंवतींचीं चार तळीं: चारी कोपऱ्यांत काटकोनांत वळलेलीं, आणि कांठांवर दगडी नाग पसरलेले. उत्तरेस याहून पुष्कळ मोठा जुना जलाशय आहे. ज्या देशांत वर्षाचा मोठा भाग पाण्याची चिंता असते, तेथें देवाच्या दारांत नाग म्हणजे पाण्याचा राखणदार बसला, यांत नवल तें काय!

पुढें बाराव्या शतकाच्या अखेरीस राजधर्म बदलला. ११८१ सालीं गादीवर आलेला सातवा जयवर्मा हा बौद्ध होता. त्यानें १०२ रुग्णालयें चालविल्याचा आणि अंकोरहून फिमायकडे जाणाऱ्या रस्त्यावर १७ विश्रामस्थानें ठेविल्याचा उल्लेख त्याच्या शिलालेखांत आहे. हा रस्ता बुरीरममधूनच जातो. फनोम रुंगच्या पायथ्याशीं रुग्णालयांचीं दोन प्रार्थनामंदिरें आणि एका विश्रामस्थानाचे अवशेष आजहि उभे आहेत. या विश्रामस्थानांना थाई विद्वान् 'धम्मसाला' म्हणतात. आमच्या धर्मशाळेचें हें सख्खें भावंड. डोंगरावरील शिवालय जयवर्म्यानें पाडलें नाहीं, उलट त्याच्या काळांतहि तेथें बांधकाम झालें. कालांतरानें ख्मेर साम्राज्य ओसरलें, देश थेरवादी बौद्ध झाला, संस्कृत वाचणारा कोणी उरला नाहीं. तरी डोंगरावरची यात्रा मात्र नाहींशी झाली नाहीं.

या जिव्हाळ्याची कसोटी आमच्याच काळांत लागली. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत देऊळ ढासळलेल्या स्थितींत असतांना ती नारायणाची शिळा चोरांनीं नेली. पुढें ती अमेरिकेंत, शिकागो येथील कलासंग्रहालयांत प्रदर्शनास ठेवलेली आढळली. इकडे १९७१ पासून देवळाचा जीर्णोद्धार चालूं होता: प्रत्येक दगडास क्रमांक देऊन तो उतरवावयाचा, पाया पक्का करावयाचा, आणि तो दगड पुन्हां त्याच्या मूळ जागीं बसवावयाचा. सतरा वर्षांनीं काम पुरें होत आलें, तेव्हां सर्व दगड आपापल्या ठिकाणीं आले होते. पूर्वद्वारावरची ती एक जागा मात्र रिकामी होती. थाई लोक खवळून उठले. सभा झाल्या, पत्रें गेलीं, कॅराबाव या लोकप्रिय गायकवृंदानें या शिळेवर गाणें रचिलें. अखेर १९८८ च्या नोव्हेंबरांत नारायण परत आला. लक्षांत घ्यावें कीं, ही मागणी करणारे बहुतेक सारे बौद्ध होते. विष्णूची पूजा त्यांच्या घरीं होत नव्हती. तरी तो देव आपल्या डोंगराचा आहे, एवढें त्यांना पुरेसें होतें. याच प्रांतांतील नोंग होंग येथील देवळाची अशीच एक शिळा सॅन फ्रॅन्सिस्कोहून २०२१ सालीं स्वदेशीं आली.

एवढ्यावर ही गोष्ट संपती तर बरें होतें. परंतु वारसा म्हटला कीं वाटणीचा तंटा आलाच. हीं देवळें ख्मेर राजांनीं बांधिलीं, आणि ख्मेर राष्ट्र आज कंबोडियांत आहे. सीमेवरील प्रेआ विहेआर हें देवालय कंबोडियाचें, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयानें १९६२ सालीं दिला; पण तंटा मिटला नाहीं. बुरीरमच्या शेजारच्या सुरिन प्रांताच्या सीमेवर ता मुएन थोम हें दुसरें एक शिवालय आहे. २०२५ च्या जुलैंत त्याच्या परिसरांत दोन्ही देशांच्या सैन्यांत तोफा धडाडल्या, आणि डिसेंबरांत संघर्ष पुन्हां पेटला. बान क्रुआतच्या शेतकऱ्यांना घरेंदारें सोडून पळावें लागलें. यांतील अनेकांची घरांतली भाषा ख्मेरच आहे. कोणी लाओ वळणाची बोली बोलतो, कोणी कुय. ज्यांच्या पूर्वजांनीं कदाचित् हे दगड वाहिले, त्यांच्याच डोक्यावर दगडांच्या मालकीसाठीं अग्निवर्षाव व्हावा, याहून विपरीत तें काय असावें!

आम्ही हिंदु म्हणणार, देव आमचे. कंबोडियन म्हणणार, राजे आमचे. थाई म्हणणार, भूमि आमची. तिघांचेंहि म्हणणें आपापल्या परी खरें आहे, आणि तिघांपैकीं एकाचेंहि पुरतें खरें नाहीं. आमच्या मतें वारसा हा रक्तानें किंवा कागदानें जितका येतो, त्याहून अधिक सांभाळण्यानें येतो. आमच्याच मुलखांत किती हेमाडपंती देवळांच्या शिळा गोठ्यांच्या भिंतींत गेल्या, किती वीरगळ शेताच्या बांधावर कलंडून पडले आहेत! त्यांच्यासाठीं आम्हीं कधीं गाणें रचिलें आहे काय?

थाई पंचांगांतील पांचवा महिना आपल्या चैत्राशीं जुळतो. त्याच्या पौर्णिमेस फनोम रुंगवर चढण्याची तेथें जुनी चाल आहे. अलीकडे सूर्यकिरणांचा योग साधून एप्रिलांत मोठा उत्सव करितात. आमच्याकडे याच पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. या दोन यात्रांचें एकमेकींशीं कांहीं नातें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण उन्हांत डोंगर चढणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा हात नातवाच्या खांद्यावर कसा असतो, तें पाहण्यास दुभाषा लागत नाहीं.

परततांना आम्हीं एका जलाशयाच्या कांठीं, भाताच्या खाचरांत, सारसांची जोडी पाहिली. हा पक्षी थायलंडच्या रानांतून पूर्वींच नाहींसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत वाढविलेलीं पिलें २०११ पासून बुरीरमच्या या पाणथळींत सोडण्यांत आलीं, आणि आतां तीं शेतकऱ्यांच्याच खाचरांत घरटीं बांधतात. घरट्यापुरतें भात कापावयाचें शेतकरी सोडून देतो, असें आमच्या वाटाड्यानें सांगितलें. सारस कोणत्या देशाचा, हा प्रश्न त्याला आम्हीं विचारला नाहीं.