गावकुसापासून भाड्याच्या खोलीपर्यंत

निगडीत अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा आहे. पाळी गाठायला निघालेले कामगार त्याच्यासमोरून जातात. वारणेच्या खोऱ्याचा हा लेखक उद्योगनगरीत उभा आहे, हे मला उचितच वाटते. का, ते या धाग्यात पाहू.

१९५९ सालच्या ‘फकिरा’ कादंबरीत नदी, डोंगर, रान शोभेपुरते येत नाहीत. राणोजी शिगावची जोगणी आपल्या गावी आणताना प्राण गमावतो. गावाचा मान राखणारा हा मांग राहतो मात्र गावकुसाबाहेर. पुढे इंग्रज सरकार मांगांवर हजेरी लादते, तेव्हा गाव हाच त्यांचा तुरुंग होतो आणि आसरा उरतो तो रानाचा. १८७१ मध्ये सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. म्हणजे कादंबरीच्या पहिल्या वाचकांसाठी ही हजेरी कालपरवाची होती.

चारच वर्षे आधी, १९५५ मध्ये, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली होती. तिथला दुष्काळ सारी वाडीच उठवतो. ‘फकिरा’तल्या भूमीवर मात्र कोणी कुठे राहायचे, हे पाऊस पडण्यापूर्वीच ठरलेले असते.

मग गाव सोडले तर? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवावर कठोर टीका केली होती. शहरात, यंत्रासमोर, जात गळून पडेल ही आशा त्या पिढीत होती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी अस्तित्वात आली आणि भोवतालच्या शिवारांचे रूप पालटू लागले.

नेमक्या याच सुमारास, १९६३ मध्ये, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला जातो. तिथे गावकूस नाही, शीव नाही. पण डोक्यावर छप्पर हवे, तर जातीचा प्रश्न आलाच! तो जात लपवतो. ती उघड होताच त्याला बेदम मारहाण होते. सोडवायला धावतो तो काशिनाथ, जात न लपवता रोज भांडणारा त्याचा सहकारी. ‘फकिरा’त मैलोगणती पसरलेला भूप्रदेश इथे एका खोलीएवढा आक्रसला आहे.

उधना गुजरातेत, सुरतेजवळ आहे. चाकणला खोली शोधताना ज्याला आधी आडनाव विचारले गेले, त्याला ते तितके लांब वाटणार नाही.