दान दैवाचें, नियम माणसाचे

पिंपळवंडीस आमच्या लहानपणीं पावसाची झड लागली कीं पडवींत पचिशीचा पट पसरला जाई. कवड्या खुळखुळूं लागण्यापूर्वीं वडील मंडळी निक्षून सांगत, “आधीं नियम ठरवा, मग दान टाका.” पटाबाहेर घरंगळलेली कवडी मोजावयाची कीं नाहीं, ह्यावरून झालेलीं भांडणें आम्हांस अजून आठवतात. डावांत दैव किती व कौशल्य किती, ह्याचा वाद लोक पुष्कळ घालतात. परंतु ह्या दोहोंचे वांटे ठरविणारा तिसरा वांटेकरी जो नियम, त्याच्याकडे लक्ष क्वचितच जातें.

आमच्या प्रांतास खेळाची ओढ जुनीच. जुन्नरच्या पश्चिमेस, सातवाहनकालीन शिलालेखामुळें विख्यात झालेल्या नाणेघाटांत, कातळावर खेळांचे पट कोरलेले आढळतात. सह्याद्रीच्या उतारांवर ज्याचीं झाडें आहेत, त्या बेहड्याचीं फळें वेदकालीं द्यूतांत अक्ष म्हणून वापरीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील एक सूक्त त्यांच्याच मोहानें नागवलेल्या द्यूतकाराचें आहे. पुढें सारीपाटांत १, २, ५ व ६ अशा चार बाजूंचे लांबट फासे आले. तीन फाशांवर एक आणि दोन षट्‌कें पडलीं म्हणजे पोबारा. आज आपण हा शब्द पळून जाणाऱ्यापुरताच ठेवला आहे!

आमच्या घरची पचिशीची मोजणी पाहा. सहाही कवड्या पालथ्या पडल्या तर २५, एकच उताणी पडली तर १०. एरव्हीं जितक्या उताण्या तितकीं घरें. कवडी दोन्ही अंगांवर सारखीच पडते असें धरलें, तर सहाही पालथ्या पडण्याचा संभव ६४ वेळांत एकदां, आणि सहाही उताण्या पडण्याचाही तेवढाच. परंतु एकीस २५ घरें, दुसरीस अवघीं ६! हा भेद दैवानें केलेला नाहीं, नियमानें केला आहे.

हीच गोष्ट एका अगदीं आधुनिक खेळांत दिसते. अमेरिकेंत माइक पाँडस्मिथ यांनीं १९८८ सालीं ‘सायबरपंक’ हा खेळ रचला. प्रत्येक खेळाडू यंत्रांनीं ग्रासलेल्या भावी नगरांतील एका पात्राचें सोंग घेतो. त्याच्या २०२० सालच्या ‘रेड’ ह्या आवृत्तींत पात्राचा अंगभूत गुण आणि शिकलेलें कौशल्य ह्यांच्या बेरजेंत दहा अंकी फाशाचें दान मिळवितात. येणारी संख्या कामाच्या काठिण्यांकाहून अधिक हवी, बरोबरी पुरत नाहीं. दहा पडले तर फासा आणखी एकदां टाकून तें दान मिळवावयाचें. एक पडला तर दुसरें दान वजा करावयाचें.

काठिण्यांक १५ धरूं. फासा टाकण्यापूर्वींच ज्याची बेरीज १६ आहे, त्या निष्णातास वस्तुतः अपयश येऊंच नये. आणि ज्याची अवघी ४ आहे, त्या नवशिक्यास यश येऊंच नये. परंतु ह्या एका नियमामुळें निष्णात शंभरांत नऊ वेळां फसतो आणि नवशिक्या शंभरांत नऊ वेळां साधतो. कौशल्यास मान द्यावा, पण गर्वास जागा ठेवूं नये व दुबळ्याची आशा खुंटवूं नये, असा जणूं न्यायच रचनाकारानें येथें दिला आहे.

सगळेच नियम इतके दयाळू नसतात. सभापर्वांत पण दुर्योधनाचा आणि फासे शकुनीच्या हातीं, असें ठरतें. एकानें दुसऱ्याकरितां खेळणें विषम आहे, हें युधिष्ठिर बोलूनही दाखवितो. आणि तरी खेळावयास बसतो. त्याचें राज्य पहिलें दान पडण्यापूर्वींच गेलें होतें, असें आम्हांस वाटतें. फाशास दोष देणें सोपें. पण ज्या क्षणीं ‘हें विषम आहे’ असें म्हणून उठावयाचें होतें, तो क्षण त्यानें दवडला.

आज मुलें कोणताही खेळ मांडोत, पडवींतील तो जुना उपदेश त्यांस अवश्य ऐकवावा. दान आपल्या हातीं नाहीं. तें कसें मोजावयाचें हें मात्र खेळावयास बसण्यापूर्वीं विचारतां येतें.