ताप, जुलाब, खोकला एकाच लेकरात: कोणत्या तालुक्यांत धोका जास्त, आणि का?

पावसाळ्यात पोराला ताप आला की आपण म्हणतो, हिवताप असेल. जुलाब झाले की म्हणतो, दात येत असतील. पण लहान मुलांचे आजार बऱ्याचदा एकेकटे येत नाहीत. ताप, जुलाब, खोकला सोबतच येतात, आणि मूल आधीच कुपोषित असेल तर साधा आजारही जिवावर बेततो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच वर्षांखालील मुलांच्या जवळपास निम्म्या मृत्यूंशी कुपोषणाचा संबंध असतो.

नकाशावर तीच तीच नावे

महाराष्ट्रात बालमृत्यूंचा विषय निघाला की काही तालुके वर्षानुवर्षे पुढे येतात.

- अमरावती: मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा.
- नंदुरबार: सातपुड्यातील अक्कलकुवा आणि धडगाव. पाडे विखुरलेले, दवाखाना लांब.
- पालघर: जव्हार आणि मोखाडा. पाऊस धो धो, तरी उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही. जव्हारमधील वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९२ मध्ये राज्यभर गाजले.
- गडचिरोली: भामरागड आणि एटापल्ली. या जिल्ह्यात हिवतापाचे प्रमाण जास्त. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो.

आजार एकावर एक का चढतात?

कारण त्यांची मुळे एकाच गावात असतात. गढूळ पाण्याने जुलाब होतात, साचलेल्या पाण्यात डास वाढतात, चुलीच्या धुराने छातीचे आजार वाढतात. त्यातच जुलै ते सप्टेंबरमध्ये घरातले धान्य संपत आलेले असते आणि आई दिवसभर शेतात असते. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले की लसीचा डोसही चुकतो.

मग एक आजार दुसऱ्याला वाट करून देतो. जुलाबाने वजन घटते, प्रतिकारशक्ती कमी होते. हिवतापाने रक्त कमी होते. गोवरानंतर न्यूमोनिया आणि जुलाब होऊ शकतात. हे फक्त डोंगरातच घडते असे नाही. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावच्या दाट वस्त्यांत गोवराची साथ आली, तिथेही लस चुकलेली मुले जास्त सापडली.

नोंदवहीत ‘न्यूमोनिया’ एवढेच कारण लिहिले तर त्यामागची उपासमार आणि जुलाब दिसत नाहीत. उपायही मग अर्धाच होतो.

गडचिरोलीने दाखवलेली वाट

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. वजन, ऊब, स्तनपान, जंतुसंसर्ग असे सगळे त्या एकत्र पाहायच्या. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

घरी काय पाहाल?

- श्वास: मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली ६०, एक वर्षाखाली ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त असेल तर लगेच दवाखाना.
- जुलाब: ओआरएस सुरू करा, अंगावरचे दूध व खाणे थांबवू नका. झिंकच्या गोळ्या १४ दिवस, मात्रा आशाताईंना विचारून.
- ताप: हिवतापाच्या भागात त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.
- दंडघेर: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. अंगणवाडीत मोजून मिळते.

मूल दूध ओढत नसेल, सगळे उलटून टाकत असेल, झटके येत असतील किंवा निपचित पडले असेल तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. आणि दवाखान्यात गेल्यावर फक्त ताप सांगू नका. जुलाब, खोकला, घटलेले वजन, राहिलेली लस, सगळे सांगा.