सोयर ना सुतक : अहाकिस्ताची बाग

एखाद्या गोष्टीशी आपला संबंध नाही हे सांगताना आपण म्हणतो, 'आम्हाला त्याचं सोयरसुतक नाही.' सोयर जन्माचं, सुतक मृत्यूचं; दोन्ही नात्यागोत्यापुरती. भाऊबंद गेला तर दहा दिवस, लांबचा असेल तर आंघोळीवर भागतं. मग ज्याच्याशी रक्ताचं, भाषेचं, देशाचं कुठलंच नातं नाही, त्याचं सुतक कोणी धरायचं? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं कांटच्या भाषेत विचारला. आज तो एका बागेच्या निमित्तानं विचारू.

२३ जून १९८५, रविवार. मॉन्ट्रियलहून निघालेलं एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान लंडन, दिल्ली करत मुंबईला यायचं होतं. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, समुद्रावर एकतीस हजार फुटांवर असताना सामानातला बॉम्ब फुटला. ३२९ माणसं गेली, त्यांत ऐंशीहून अधिक मुलं. कट कॅनडात शिजला होता, खलिस्तानवादी अतिरेक्यांनी रचलेला. मृतांमध्ये शीखही होते, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे एका अख्ख्या समाजाकडे बोट दाखवण्याची घाई पुष्कळांनी केली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसरा बॉम्ब फुटून सामान हाताळणारे दोन कामगार मारले गेले. त्यांची आठवण सहसा कोणी काढत नाही.

समुद्रातून १३१ मृतदेह मिळाले. ते कॉर्क शहरातल्या रुग्णालयात आणले गेले. आपली माणसं ओळखायला कॅनडातून, भारतातून नातेवाईक आले. त्या परक्या गावातले लोक, परिचारिका, नौदलाचे खलाशी त्यांच्यासोबत उभे राहिले. बाकीची माणसं कधीच सापडली नाहीत. आता, देह सापडला नाही तर काय करायचं याचा विचार आपल्या धर्मशास्त्रानं केलेला आहे. पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, त्याला पालाशविधी म्हणतात. विधीचं तर्कशास्त्र बाजूला ठेवा; त्यामागची गरज पाहा. दुःखाला एक जागा लागते. 'इथे' असं म्हणता आलं पाहिजे.

ती जागा आयरिश लोकांनी दिली. कॉर्क परगण्यात शीप्स हेड नावाचं भूशिर आहे, त्याच्या किनाऱ्यावर अहाकिस्ता हे अगदी लहानसं गाव. तिथे पाण्याच्या कडेला बाग केली, मृतांची नावं कोरली आणि केन थॉम्पसन या शिल्पकारानं घडवलेलं सूर्यघड्याळ मधोमध बसवलं. उद्घाटन झालं २३ जून १९८६ रोजी. म्हणजे वर्षश्राद्धाच्या दिवशीच म्हणा ना! तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला, सकाळी सव्वाआठच्या सुमारास, विमान नाहीसं झालं त्या वेळेला, नातेवाईक आणि गावकरी एकत्र जमून शांत उभे राहतात. घड्याळाची निवड आम्हाला फार शहाणपणाची वाटते. पुतळा एकच क्षण धरून ठेवतो. सूर्यघड्याळाची सावली मात्र रोज त्या वेळेवरून पुढे सरकते. (ढग असले तर नाही, आणि आयर्लंडात ते असतातच.)

आता दुसरी बाजू. मृतांपैकी २६८ जण कॅनडाचे नागरिक होते. आणि कॅनडाच्या पंतप्रधानांनी सांत्वनाचा फोन केला तो आपल्या राजीव गांधींना! स्वतःचे नागरिक दुसऱ्याच्या खात्यावर टाकून मोकळे. नावं भारतीय, चेहरे भारतीय, म्हणून मृत्यूही भारतीय. इकडे आपणही त्यांना 'परदेशात गेलेले' समजून हळूहळू विसरलो. या लोकांचं सुतक नेमकं कोणाचं, हेच दोन्हीकडे ठरलं नाही.

नातेवाईक वीस वर्षं भांडले. खटला चालला, २००५ मध्ये दोन मुख्य आरोपी निर्दोष सुटले. शिक्षा झाली ती बॉम्ब तयार करण्यात हात असलेल्या एकालाच. २००६ मध्ये न्यायमूर्ती जॉन मेजर यांचा आयोग नेमला गेला (ब्रिटनचे पंतप्रधान ते वेगळे). आयोगानं २०१० मध्ये सरकारी यंत्रणांच्या चुकांवर बोट ठेवलं, अहवालाच्या नावातच ही कॅनडाची शोकांतिका आहे असं म्हटलं आणि त्याच वर्षी २३ जूनला पंतप्रधान हार्पर यांनी माफी मागितली. पंचवीस वर्षांनी.

इथे कोणी म्हणेल, आयरिश लोकांना सोपं होतं. त्यांच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती. ज्याला जाब द्यायचा नसतो त्याला रडायला काय जातं? आक्षेपात तथ्य आहे. बाग म्हणजे न्याय नव्हे, आणि नातेवाईकांनीही तसं कधी मानलं नाही; अहाकिस्ताला जात राहिले आणि कोर्टाची पायरीही चढत राहिले. पण सोपं होतं म्हणून इतरांनी कुठे केलं? जमीन द्यायची, दगड घडवायचा, चाळीस वर्षं गवत कापायचं, दर जूनमध्ये अनोळखी माणसांना चहा पाजायचा, ही कामं फावल्या दुःखातून होत नाहीत.

कॅनडातली मोठी स्मारकं २००७ मध्ये उभी राहिली. व्हँकूवरचं स्टॅन्ली पार्कमध्ये, मुलांच्या खेळाच्या मैदानाजवळ. टोरांटोचं तळ्याकाठी, तिथेही सूर्यघड्याळ आहे, त्याच्या चौथऱ्यात कॅनडाच्या सगळ्या प्रांतांतले आणि मृतांच्या इतर देशांतले दगड बसवलेत. शेजारी नावांची भिंत आहे. तिचं तोंड आयर्लंडकडे आहे.