सेरापियनचे बिस्कीट

सायंकाळची रोजरी झालेली असते, जेवणेही आटोपलेली असतात. पोट भरलेले असते. आणि तरीही तासाभराने पावले फडताळाकडे वळतात. वेफर्सचे पाकीट फुटते. चार-दोनच खायचे असा मनाशी ठराव झालेला असतो, परंतु हात थांबतो तो बोटे पाकिटाच्या तळाला लागल्यावरच. मग ते रिकामे पाकीट चुरगाळून केराच्या डब्यात अशा बेताने खाली दडपायचे की, सकाळी घरातल्या कोणाच्या दृष्टीस पडू नये. हा प्रसंग आम्ही कोणा परक्यावर बेतून सांगत नाही. तो आमचाच आहे. आणि वाचकांपैकी अनेकांना तो ओळखीचा वाटेल, अशी आमची खात्री आहे.

त्या चुरगाळलेल्या पाकिटाची लाज खाण्याहून अधिक काळ टिकते. आपल्याला संयम नाही, आपण दुबळे आहोत, इतरांना जमते ते आपल्याला जमत नाही, असे मन बजावत राहते. या लाजेच्या मुळाशी एक गृहीत असते. जिभेवरचा ताबा ही ज्याच्या त्याच्या इच्छाशक्तीची एकट्याने लढण्याची लढाई आहे, असे आपण मानून चालतो. ख्रिस्तसभेच्या इतिहासात जिभेशी झगडलेल्या माणसांची परंपरा सोळा शतकांची आहे, आणि त्या परंपरेचे म्हणणे काही निराळेच आहे. तो इतिहास थोडक्यात उलगडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात असंख्य व्रतस्थ वस्ती करून राहिले. त्यांच्यात एवाग्रियस नावाचा एक विद्वान होता. कॉन्स्टँटिनोपलच्या राजधानीत त्याने नाव मिळविले होते. पुढे तो सर्व सोडून निट्रिया आणि केलिया येथील एकांतवासींमध्ये येऊन राहिला आणि इ.स. 399 मध्ये तेथेच निवर्तला. माणसाला ग्रासणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी त्याने केली. पुढे जी सात घातक पापे म्हणून आपल्या धर्मशिक्षणात आली, तिचे मूळ या यादीत आहे. तिच्यात पहिले स्थान खादाडपणाला आहे.

एवाग्रियसने त्याला ‘विचार’ म्हटले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वाळवंटात पंचपक्वान्ने नव्हती, हलवायाचे दुकान नव्हते. तेथे मोह येत असे तो काळजीचे रूप घेऊन. उपवासाने यकृत बिघडेल, प्लीहा सुजेल, जलोदर होईल, दीर्घ आजार जडेल आणि जवळ वैद्यही नसेल, अशा शंका तो व्रतस्थाच्या मनात पेरतो, असे एवाग्रियसने लिहून ठेवले आहे. पोट भुकेले असो वा नसो, मन अस्वस्थ असले म्हणजे ते खाण्याकडे धाव घेते, हे त्याने अचूक हेरले होते. रात्री दहा वाजता फडताळ उघडणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या वाळवंटातल्या वडीलधाऱ्यांची वचने पश्चिमेकडे नेण्याचे मोठे काम योहान कासियन याने केले. तरुणपणी तो जर्मानुस या मित्राबरोबर इजिप्तमध्ये हिंडला, वृद्ध व्रतस्थांच्या पायाशी बसला, आणि पुढे मार्सेय येथे मठ स्थापून त्याने ते सर्व लिहून काढले. त्याच्या ‘संवाद’ या ग्रंथात अब्बा मोझेस हे वृद्ध व्रतस्थ अब्बा सेरापियन यांच्या बालपणीची एक हकीकत सांगतात. आमच्या मते या विषयावरचे सारे शहाणपण त्या हकीकतीत सामावलेले आहे.

बालक सेरापियन अब्बा थिओनास यांच्यापाशी राहत असे. गुरुशिष्य दिवसाच्या नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास, एकत्र जेवत. त्यांचे अन्न म्हणजे कडक भाजलेले छोटे पाव. आपल्याकडच्या टोस्ट-बिस्किटाच्या जातीचे. जेवण झाल्यावर सेरापियन रोज एक बिस्कीट अंगवस्त्रात लपवी आणि नंतर गुरूंच्या नकळत खाई. खाताना जी गोडी वाटे ती खाऊन होताच संपे, आणि मागे उरे ती टोचणी. त्या टोचणीचे दुःख खाण्याच्या सुखाहून मोठे होते; तरीही दुसऱ्या दिवशी हात पुन्हा बिस्किटाकडे जाई. कोणी जुलमी मालक आपल्याकडून हे करवून घेत आहे, असे त्याला वाटू लागले होते.

एके दिवशी काही बंधू थिओनास यांच्या भेटीस आले. जेवणानंतर बोलणे निघाले ते खादाडपणाचे, आणि मनात दडवून ठेवलेल्या विचारांच्या सामर्थ्याचे. सेरापियनला वाटले, आपले गुपित देवाने गुरूंना कळविले आहे. तो हुंदके देऊ लागला. त्याने वस्त्रातले बिस्कीट काढून सर्वांसमोर ठेवले आणि सारे कबूल केले. थिओनास रागावले नाहीत. त्यांनी त्याला धीर दिला. मी काही बोलण्याआधीच तुझ्या कबुलीने तुला सोडविले आहे. जो शत्रू तुझ्या मौनामुळे तुझ्यावर राज्य करीत होता, त्याचा आज तू पराभव केलास, अशा आशयाचे ते बोलले. त्यांचे बोलणे संपते न संपते तोच मुलाच्या वस्त्रातून जळता दिवा निघाला आणि गंधकाच्या दर्पाने खोली भरून गेली, असे कासियन लिहितो. दिव्याची गोष्ट ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. आमचे लक्ष वेधते ते दुसऱ्याच गोष्टीने. बिस्कीट न खाण्याचा निश्चय त्या मुलाने कितीदा तरी केला असेल. तो निष्फळ ठरला. लपवणे थांबले तेव्हा मोहाचे बळ ओसरले.

त्याच संवादात अब्बा मोझेस संयमाचे मापही सांगतात. दिवसाला दोन बिस्किटे, वजनाने जेमतेम एक रत्तल. जर्मानुसला हे माप फार सोपे वाटते. मोझेस उत्तर देतात की, हेच रोज नेमाने पाळून पाहा. आठवडाभर कडकडीत उपास करून पुढे तुटून पडण्यापेक्षा रोजचा मापातला घास कठीण आणि हितकारक आहे. अतिउपवास आणि अतिखाणे यांचा शेवट सारखाच, अशी त्यांची शिकवण आहे. या इशाऱ्याची आठवण पुढच्या काळातही राहावयास हवी होती. सिएनाच्या संत कॅथरीनने अन्न जवळजवळ वर्ज्य केले. तिला खाण्याची गळ तिच्या धर्मगुरूंनी घालून पाहिली. 1380 मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ती प्रभूघरी गेली. तिच्या पावित्र्यापुढे आपण नतमस्तक होतो. मात्र तिच्या ताटाचे अनुकरण करावे, असे ख्रिस्तसभेने आपल्याला सांगितलेले नाही.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासींसाठी नियमावली लिहिली. तिच्यात इच्छाशक्तीची स्तोत्रे नाहीत. आहे ती जेवणाची व्यवस्था. रोज दोन शिजवलेले पदार्थ असावेत, म्हणजे ज्याला एक चालत नाही त्याला दुसरा घेता येईल. फळे वा ताज्या भाज्या मिळाल्या तर तिसरा. दिवसाला एक भरपूर रत्तल पाव. काम जड असेल तर मठाधिपतीने त्यात भर घालावी. आजाऱ्यांना मांस द्यावे. वृद्धांना आणि मुलांना नियमाचा काच लावू नये. जेवताना एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे. नेमल्या वेळेच्या आधी वा नंतर कोणी काही खाऊपिऊ नये. आणि दुसऱ्याच्या अन्नाचे माप ठरविताना आपल्याला संकोच वाटतो, अशी कबुलीही बेनेडिक्ट देतात. त्या मठात खाण्याला वेळ होती, जागा होती आणि सोबत होती. एकट्या माणसाच्या निग्रहावर फार थोडे सोपविलेले होते.

पोप महान संत ग्रेगरी (590–604) यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तेच स्वीकारले. वेळेआधी खाणे, उंची अन्नाचा हव्यास धरणे, चोखंदळपणे सजवून खाणे, फार खाणे आणि अधाशासारखे खाणे. यांतला फक्त एक प्रकार किती खाल्ले याविषयी आहे. बाकीचे चार केव्हा, काय आणि कसे याविषयी आहेत.

जीभ मात्र नियमांहून हुशार. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात मांस, अंडी व दूध वर्ज्य असे आणि दिवसातून एकदाच जेवण असे. पुढे स्पेनने मेक्सिको जिंकला आणि तेथून चॉकलेट हे घट्ट, गोड पेय युरोपात आले. लगेच प्रश्न उभा राहिला, चॉकलेट प्यायल्याने उपवास मोडतो काय? पेय असेल तर मोडत नाही, अन्न असेल तर मोडतो. 1636 मध्ये अंतोनिओ दे लेओन पिनेलो यांनी माद्रिदमध्ये या एकाच प्रश्नावर ग्रंथ छापला. 1664 मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी रोममध्ये प्रबंध प्रसिद्ध करून पेयाच्या बाजूने कौल दिला. विद्वानांनी शंभराहून अधिक वर्षे एका पेल्यावर शाई खर्च केली! आपण हसावे खरे. पण ‘हे काही जेवण नव्हे, नुसते तोंडात टाकायला’ असे म्हणत आपण फरसाणाचा डबा उघडतो, तेव्हा त्याच वादात आपलाही कौल पडलेला असतो.

1966 मध्ये पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताचे नियम नव्याने घालून दिले. सक्तीचे उपवास राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवसांपुरते उरले. शुक्रवारच्या मांसवर्जनाऐवजी दुसरे प्रायश्चित्त ठरविण्याची मोकळीक धर्माध्यक्षांच्या परिषदांना मिळाली. प्रौढ श्रद्धावंतांच्या विवेकावर टाकलेला तो विश्वास होता, आणि तो योग्यच होता. मात्र त्याच दशकांत आणखी कोणीतरी त्या विवेकाला वेढा घालण्याच्या तयारीत होते.

हॉवर्ड मॉस्कोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लष्कराच्या नेटिक येथील प्रयोगशाळेत सैनिकांच्या शिध्यावर काम केले आणि पुढे अन्नकंपन्यांसाठी गोडीचे गणित मांडले. साखर किती घातली असता पदार्थ सर्वाधिक आवडतो, कमी नको आणि जास्तही नको, तो नेमका बिंदू प्रयोगांनी काढता येतो, हे त्याने दाखविले. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या लेज वेफर्सच्या जाहिराती तर गिऱ्हाइकाला उघड आव्हान देत होत्या की, एकावर थांबून दाखवाच! आपल्याकडे 1983 मध्ये दोन मिनिटांच्या नूडल्स आल्या, 1991 नंतर बाजार खुला झाला आणि रंगीत पाकिटांच्या माळा गावोगावच्या दुकानांच्या दारांवर लटकू लागल्या.

ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो यांनी 2009 मध्ये अशा कारखानी खाद्यांचा वेगळा वर्ग करावा, असे सुचविले. 2019 मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस प्रौढांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे असे कारखानी अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. पुढे मांडलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश सारखे होते. हवे तेवढे खाण्याची मुभा होती. कारखानी अन्नावर माणसे रोज सुमारे 500 उष्मांक अधिक खात होती. त्यांचे वजन दोन आठवड्यांत सुमारे 0.9 किलो वाढले आणि साध्या अन्नावर तेवढेच उतरले. माणसे तीच होती. त्यांची इच्छाशक्तीही तीच. बदलले होते ते ताटातले अन्न.

आता ग्रेगरी यांचे पाच प्रकार त्या पाकिटापुढे धरून पाहावेत. पाकिटाला वेळ नाही. ते बसमध्ये, बिछान्यात, अभ्यासाच्या टेबलावर कोठेही फुटते. चव मुद्दाम घडवलेली, खाण्याची गती वाढवलेली, थांबण्याची खूण पुसलेली. उंची अन्नाला पूर्वी पैका लागे, तेवढी एक अडचण होती; तीही पाच रुपयांच्या पाकिटाने दूर केली. बेनेडिक्टच्या मठाने संयमाभोवती जी वेळेची, जागेची आणि सोबतीची कुंपणे घातली होती, ती सारी पाकिटाने काढून टाकली, आणि उघड्या माळावर उभ्या राहिलेल्या माणसाला सांगितले, आता तुझा तू सांभाळ.

म्हणून एखादा मुलगा डब्यातली भाजी-चपाती परत आणतो, मधुमेह जडलेले वडील देव्हाऱ्यामागे बिस्किटांचा पुडा लपवतात, एखादी माउली सर्वांना वाढून झाल्यावर एकटीच ओट्याशी उभी राहून खाते, तेव्हा त्यांना दुबळे म्हणण्याची घाई आपण करू नये. मोकळे सुटण्याची जबाबदारी त्यांची आहेच; पण कुंपण पुन्हा घालण्याची जबाबदारी घराची आहे. रात्रीचे एक जेवण सर्वांनी एकत्र, ठरल्या वेळी, दूरदर्शन संच बंद ठेवून घ्यावे. पाकिटे घरात साठवू नयेत. जे फडताळात नाही त्याच्याशी मध्यरात्री झुंजावे लागत नाही. धर्मग्रामाच्या मेळाव्यांत आणि मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत बक्षीस म्हणून पाकिटाऐवजी केळे वा चणे-शेंगदाणे द्यावेत. आणि ज्यांचे खाणे हाताबाहेर जाऊन आजाराचे रूप घेते, त्यांना उपदेशाऐवजी वैद्याकडे न्यावे. आजाऱ्याला नियमातून वगळणारे बेनेडिक्ट आपल्या बाजूने आहेत.

सर्वांत आधी करण्याजोगी गोष्ट मात्र सेरापियनने करून दाखविली आहे. हे लिहिण्यापूर्वी आम्ही केराच्या डब्यातल्या त्या पाकिटाची गोष्ट घरच्यांपाशी काढली. कोणी हसले नाही. क्षणभर शांतता झाली, आणि मग धाकट्याने आपल्या दप्तराच्या आतल्या कप्प्यातून एक अर्धे संपलेले पाकीट काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले.