दंतांकुराची कथा

पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर भिरकावण्याचा विधी आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी केला असेल. दात गेल्याचे दुःख दोन दिवसांत सरे आणि जीभ नव्या दाताच्या शोधात हिरडीवरून फिरू लागे. तो येणार याविषयी घरात कोणालाच शंका नसे. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, ठरल्या आकाराचा दात उगवावा, सुळ्याच्या जागी दाढ येऊ नये, ही व्यवस्था कोण पाहतो, हा प्रश्न त्या वयात सुचत नाही. आणि पुढे संसाराच्या धबडग्यात तो विचारायला सवड होत नाही.

या प्रश्नाच्या उत्तराचा मागोवा घेऊ लागले, की दोन लहानशा नोंदी हाती येतात. दुसऱ्याच कशाचा तरी विचार चालू असता जाता जाता केलेल्या त्या नोंदी आहेत.

पहिली नोंद चार्ल्स डार्विनची. पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पती यांत होणाऱ्या बदलांवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची हकीकत आहे. वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी ती त्याला कळविली होती. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. त्या कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुष असे निपजले, की दोन्ही जबडे मिळून त्यांना समोरचे चार बारीक, दुबळे दात आणि मागच्या आठ दाढा, एवढेच काय ते होते. अंगावर केस विरळ, टक्कल लवकर पडे. आणि उन्हाळ्यात कातडी इतकी कोरडी होई की त्यांचे फार हाल होत. मुलींना हा दोष कधी नसे, परंतु त्यांच्या मुलग्यांत तो पुन्हा उतरे. केसांचे आणि दातांचे काही नाते असावे, एवढे डार्विनने ताडले. ते नाते कोणते, हे सांगण्याचे साधन त्या काळी कोणाजवळच नव्हते.

दुसरी नोंद समजण्यासाठी इटलीतील तुरिन शहरी जावे लागते. १९३८ साली मुसोलिनीने वंशभेदाचे कायदे केले आणि रीता लेव्ही-मोंताल्चीनी या तरुण ज्यू डॉक्टरीणबाईंना विद्यापीठाचे दार बंद झाले. बाईंनी आपल्या निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांचे मज्जातंतू कसे वाढतात, हे त्या पाहू लागल्या. प्रयोग संपला की उरलेली अंडी घरात खाण्यात येत. युद्धकाळातली टंचाईच तशी होती. १९४७ साली त्या अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. उंदराची एक गाठ गर्भाशेजारी लावली असता मज्जातंतू फोफावतात, तेव्हा त्या गाठीतून काही द्रव्य पाझरत असले पाहिजे, अशी त्यांची खात्री झाली.

ते द्रव्य वेगळे काढण्याचे काम १९५३ साली स्टॅन्ली कोहेन या रसायनज्ञाने हाती घेतले. हा ब्रुकलिनमधल्या एका शिंप्याचा मुलगा. गाठीच्या अर्कातील न्यूक्लिइक आम्ले मोडावीत म्हणून त्याने सापाचे विष वापरले, तो मज्जातंतूंची वाढ मंदावण्याऐवजी कितीतरी पटींनी वाढली! हवे ते द्रव्य खुद्द विषातच विपुल होते. विषाची पिशवी म्हणजे एका परीने लाळेचीच ग्रंथी. म्हणून कोहेनने उंदराच्या लालाग्रंथी तपासल्या. तेथेही ते सापडले.

आता खरी नोंद येते. ग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला असता त्यांचे डोळे लवकर उघडले. एरवी तेरा-चौदाव्या दिवशी उघडणाऱ्या पापण्या सातव्या दिवशीच उघडल्या. आणि आठव्या-दहाव्या दिवशी दिसणारे समोरचे दात सहाव्या-सातव्या दिवशीच बाहेर आले. मज्जातंतूंच्या द्रव्याशी याचा काही संबंध नव्हता. अर्कात भेसळ आहे असे म्हणून हा प्रकार सोडून देणे सोपे होते. कोहेनने तो धरून ठेवला. १९५९ साली तो नॅशव्हिलला गेला आणि १९६२ साली ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे त्याने प्रसिद्ध केले. पुढे त्याला एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराचा वृद्धिघटक, हे नाव पडले. त्रेपन्न अमिनो आम्लांची ती एक चिमुकली साखळी. १९८६ साली कोहेन आणि लेव्ही-मोंताल्चीनी यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु दात बाहेर येणे वेगळे आणि दात घडणे वेगळे. गर्भ सहा आठवड्यांचा होतो न होतो तोच भावी हिरडीवरचा पातळ थर जाड होऊ लागतो. तो खालच्या ऊतीत शिरतो, आधी कळीसारखा, मग टोपीसारखा, मग घंटेसारखा होतो. वरचा थर आणि खालची ऊती यांच्यात या काळात जणू निरोपांची देवाणघेवाण चालते, आणि निरोप्याचे काम वृद्धिघटक करतात. १९९४ साली हेलसिंकीच्या संशोधकांनी दाखविले, की टोपीच्या मधोमध पेशींची एक गाठ असते. त्या पेशी स्वतः विभागत नाहीत. शेजारणींना वाढण्याचा हुकूम देणारा घटक मात्र सोडतात, आणि काम झाले की मरून जातात. दाढेचे उंचवटे अशा गाठींच्या जागी उभे राहतात. गंमत अशी, की कोहेनचा घटक उंदराच्या गर्भातील दंतांकुराला काचपात्रात दिला, तर दाताची घडण थांबते, हे १९८५ सालीच दिसून आले होते. जो दाताला लवकर बाहेर आणतो, तोच अवेळी आला तर त्याला घडूच देत नाही. औषधालाही वेळ लागते, असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणतात, ते येथेही खरे ठरले.

आणि सिंधचे ते कुटुंब? १९९६ साली या व्याधीचे जनुक सापडले. ते क्ष गुणसूत्रावर आहे. म्हणून मुली वाहक आणि मुलगे रोगी. त्या जनुकापासून जे प्रथिन बनते, तोही पेशीपेशींमधला एक निरोप्याच. दात, केस आणि घामाच्या ग्रंथी, तिघांचेही अंकुर त्याच्याच हाकेची वाट पाहतात. हाक आली नाही, तर तिन्ही घरे ओस पडतात. यात दातांपेक्षा घामाची उणीव अधिक घातक. ज्याला घाम येत नाही, असे तान्हे मूल तापाने वा उन्हाळ्याने दगावू शकते.

२०१८ साली जर्मनीतील एर्लांगेन येथून एक वृत्त प्रसिद्ध झाले. ही व्याधी असलेल्या तीन गर्भांना जन्मापूर्वीच, गर्भजलात टोचून, ते उणे असलेले प्रथिन देण्यात आले होते. मुले जन्मली, वाढली, आणि त्यांना घाम येऊ लागला.

त्या दहा पुरुषांची नावे डार्विनच्या ग्रंथात नाहीत. त्यांच्या आया कोणत्या शापाचा विचार करीत रात्री जागल्या असतील, कोण जाणे. त्या शापाचा अर्थ कळायला एकशेवीस वर्षे लागली. पुढच्या खेपेस घरातले पोर आपला पडलेला दात तळहातावर घेऊन येईल, तेव्हा तो कौलावर टाकण्यापूर्वी क्षणभर न्याहाळून पाहावा. वेळेवर आलेल्या एका हाकेची ती खूण आहे.